गंधाची पारख आणि मेंदूतला लगाम

मिसळणाच्या डब्याचे झाकण काढून डोळे मिटून वास घेतला, तर मेथी कोणती आणि धणे कोणते, हे सांगण्यास फारसे कष्ट पडत नाहीत. परंतु जिरे आणि शहाजिरे यांच्या दोन पुड्या कोणी नाकापुढे धरल्या तर क्षणभर थांबावे लागते. पुन्हा एकदा हुंगावे लागते. वास येणे ही एक गोष्ट झाली आणि दोन जवळच्या वासांतला फरक कळणे ही दुसरी. प्रस्तुत लेख या दुसऱ्या गोष्टीविषयी आहे. हा फरक कळण्यामागे मेंदूतील पेशींना चेतवणाऱ्या द्रव्यांइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, वाटा त्यांना आवरणाऱ्या द्रव्यांचा असतो असे आज दिसून येते.

हा विषय माझ्या वाट्याला आला तो आमच्या मानसशास्त्राच्या वर्गात वाचावयाच्या एका टिपणाच्या निमित्ताने. खरे सांगायचे तर विषय ऐकून मी फारशी खूश झाले नव्हते. ‘अवरोध’ या शब्दाविषयीच माझ्या मनात अढी होती. आमच्या अभ्यासक्रमात तो भेटतो दमन, दडपण, संकोच अशा शब्दांच्या गोतावळ्यात. जे मोकळे व्हायला हवे ते अडवून धरणारे काहीतरी, अशीच त्याची प्रतिमा. मेंदूचे काम म्हणजे पेशींचे चेतणे, आणि अवरोध म्हणजे त्या कामाला घातलेली खीळ, अशी माझी भाबडी समजूत होती.

टिपण वाचून झाले. घ्राणेंद्रियाकडून संदेश आला की मेंदूतील पेशी एका तालात स्पंदन करू लागतात आणि हा ताल अवरोधक द्रव्यामुळे टिकतो, असे मी मोठ्या उत्साहाने सांगितले. त्यावर बाईंनी एकच प्रश्न विचारला : “पेशी तालात चालतात हे ठीक. पण त्या प्राण्याला त्याचे काय?” पिठाची गिरणी चालू असताना पट्ट्याचा फटफट आवाज येतो; पण दळण त्या आवाजाने होत नाही. हा तालही तसाच, कामाबरोबर निघणारा नुसता आवाज कशावरून नसेल? मला उत्तर देता आले नाही. ते शोधताना जे हाती लागले ते येथे मांडत आहे.

उत्तेजन आणि अवरोध

मेंदूतील एक पेशी दुसऱ्या पेशीशी बोलते ती बहुतांशी रसायनांच्या भाषेत. दोन पेशींच्या सांध्यावर अतिसूक्ष्म फट असते. पहिली पेशी त्या फटीत एक द्रव्य सोडते आणि ते पलीकडच्या पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहक रेणूंना जाऊन चिकटते. काही द्रव्यांमुळे पलीकडची पेशी चेतते आणि पुढे संदेश धाडते. ग्लुटामेट हे त्यांतले प्रमुख. काही द्रव्यांमुळे नेमके उलट होते. ती पेशी संदेश धाडण्यापासून परावृत्त होते. अशा आवरणाऱ्या द्रव्यांत सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्ल. एवढे लांब नाव रोजच्या वापरात कोणी घेत नाही. त्याला ‘गाबा’ म्हणतात.

गाबा मेंदूत असतो हे १९५० साली कळले. त्यात यूजीन रॉबर्ट्स यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. तो तेथे काय करतो हे मात्र कळायला आणखी दीड दशक लागले, आणि त्या कामी खेकड्याच्या जातकुळीतील शेवंडासारख्या प्राण्यांच्या चेतापेशींनी मोठी मदत केली. गाबा ग्राहक रेणूला चिकटला की पेशीच्या आवरणातील क्लोराइडची सूक्ष्म दारे उघडतात. ऋणभारित क्लोराइड आत शिरते आणि पेशी चेतण्याच्या उंबरठ्यापासून दूर राहते.

अवरोध म्हणजे नुसती खीळ नव्हे, हे शास्त्रज्ञांना त्याहून बरेच आधी उमगले होते. चार्ल्स शेरिंग्टन यांना १९३२ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांनी भाषणासाठी विषय निवडला तो अवरोधाचा. आणि अवरोध हा शरीरातील क्रियांचा मेळ घालणारा घटक आहे असे प्रतिपादन केले. हात कोपरात वाकवायचा तर पुढचा स्नायू आखडला पाहिजे आणि त्याच वेळी मागचा सैल पडला पाहिजे. दोन्ही एकदम आखडले तर हात जागचा हलणार नाही. स्नायूंच्या बाबतीत हे चटकन पटते. प्रश्न एवढाच की वास ओळखण्यात अशा मेळाचे काय काम?

नाकापासून घ्राणकंदापर्यंत

गंधाचे रेणू नाकातील ग्राहक पेशींवर येऊन बसतात. या ग्राहकांची जनुके लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ साली शोधून काढली; त्याबद्दल त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. उंदरात अशा ग्राहकांचे सुमारे हजार प्रकार असतात, माणसात सुमारे चारशे. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. एका वासाला एक ग्राहक अशी कुलूप-किल्लीची सरळ जोडी नसते. एक रेणू अनेक प्रकारच्या ग्राहकांना कमीअधिक चेतवतो आणि एक ग्राहक अनेक रेणूंना दाद देतो. साहजिकच दोन सारख्या रेणूंनी चेतवलेल्या पेशींची यादीही बरीचशी सारखी असते. जिरे आणि शहाजिरे यांत आपण अडखळतो, त्याचे मूळ येथेच असावे.

एकाच प्रकारच्या ग्राहकपेशींचे तंतू मेंदूच्या पुढच्या टोकाशी असलेल्या घ्राणकंदात एकत्र येतात आणि त्यांचे छोटे छोटे गोल गुच्छ बनतात. तेथून निरोप पुढे नेण्याचे काम मुख्यतः ‘मायट्रल’ पेशी करतात. बिशपच्या उंच टोपीसारखा आकार असल्यामुळे त्यांना हे नाव पडले. परंतु घ्राणकंदात संख्येने जास्त असतात त्या कणपेशी. या कणपेशी मोठ्या विलक्षण. चेतापेशीला दूरवर संदेश नेणारा जो लांब तंतू असतो, तो त्यांना नसतोच. मग त्या करतात काय?

याचे उत्तर १९६६ साली विल्फ्रिड रॉल, गॉर्डन शेफर्ड, थॉमस रीझ आणि मिल्टन ब्राइटमन यांनी दिले. एकाने गणित मांडले, एकाने विद्युत्-नोंदी घेतल्या आणि दोघांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून सांधे पाहिले. त्यांना आढळले की मायट्रल पेशी आणि कणपेशी यांच्यातील सांधा दुहेरी असतो. मायट्रल पेशी कणपेशीला चेतवते आणि चेतलेली कणपेशी त्याच ठिकाणाहून उलट मायट्रल पेशीला आवरते. एवढेच नव्हे, तर शेजारच्या मायट्रल पेशींनाही आवरते. हे आवरण्याचे द्रव्य म्हणजेच गाबा.

परिणामी घ्राणकंदात जी पेशी जोरात बोलते ती शेजारणींचा आवाज खाली आणते. जपानमधील योकोई, मोरी आणि नाकानिशी यांनी १९९५ साली सशांच्या घ्राणकंदात हे पडताळून पाहिले. एकेक मायट्रल पेशी ठराविक लांबीच्या कार्बन-साखळ्यांच्या रेणूंना प्रतिसाद देते आणि त्याहून थोड्या लांब वा आखूड साखळ्यांच्या रेणूंनी ती उलट दबते, असे त्यांना दिसले. अवरोध औषधाने कमी केला की ही निवड ढिली पडली.

तालाची गोष्ट

आता त्या तालाकडे वळू. केंब्रिजचे एडगर एड्रियन यांनी १९४२ साली साळूसारखे काटे अंगावर असणाऱ्या हेजहॉग या छोट्या प्राण्याच्या घ्राणकंदातील विद्युत्-नोंदी प्रसिद्ध केल्या. वास आला की तेथे नियमित लाटा उठतात असे त्यांना दिसले. त्यानंतर अशा लाटा कितीतरी प्राण्यांत सापडल्या. कीटकांनाही घ्राणकंदासारखाच भाग असतो. शृंगिकांकडून, म्हणजे डोक्यावरच्या मिशांकडून, येणारे तंतू तेथे गुच्छ करतात, म्हणून त्याला शृंगिकाखंड म्हणतात. कॅलिफोर्नियातील जिल लॉरां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोळांच्या शृंगिकाखंडाचा बारकाईने अभ्यास केला. टोळाला वास दिला की निरोप नेणाऱ्या पेशी सेकंदाला सुमारे २० वेळा अशा तालात एकमेकींबरोबर स्पंदन करतात.

हा ताल राखतो कोण? कॅट्रिना मॅकलाउड आणि लॉरां यांनी १९९६ साली दाखवले की तो गाबा सोडणाऱ्या स्थानिक पेशी राखतात. पिक्रोटॉक्सिन नावाचे द्रव्य देऊन गाबाचा जलद परिणाम अडवला की पेशींची एकतानता मोडते. पण गंमत अशी की एकेकटी पेशी पाहिली तर ती पूर्वीइतकाच आणि पूर्वीसारखाच प्रतिसाद देत असते. भजनी मंडळातील प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर म्हणतो आहे, फक्त टाळ बंद पडल्यामुळे सगळ्यांची सम चुकते आहे, तसा हा प्रकार. म्हणजे ताल तेवढा काढून घेण्याचे साधन मिळाले. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मार्ग येथून मोकळा झाला.

काकमारीचे बी आणि मधमाशी

या पिक्रोटॉक्सिनविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण ते आपल्याकडच्याच एका वेलीत सापडते. काकमारी ही भारतात आणि आग्नेय आशियात आढळणारी मोठी रानवेल. तिची फळे ठेचून पाण्यात टाकली की मासे गुंगून वर येतात आणि हाताने धरता येतात. मासेमारीची ही जुनी, आणि धोक्याची, रीत आहे. या बीपासून पिक्रोटॉक्सिन वेगळे काढले ते फ्रेंच रसायनज्ञ बुले यांनी १८१२ साली. गाबा ज्या क्लोराइडच्या दारांना उघडतो ती दारेच हे द्रव्य बंद करते. ते जास्त प्रमाणात पोटात गेले तर आकडी येते. मेंदूतील लगाम सर्वत्र एकदम सुटला तर काय होते याचा हा भयंकर नमुनाच म्हणावा लागेल.

१९९७ साली मार्क स्टॉपफर, सीता भगवान, ब्रायन स्मिथ आणि जिल लॉरां या चौघांनी हे द्रव्य मधमाशीच्या शृंगिकाखंडापुरते वापरून एक प्रयोग केला. मधमाशीच का? तर टोळाला जे नीट विचारता येत नाही ते मधमाशीला विचारता येते. मधमाशी वास शिकते, आणि शिकली की नाही हे स्पष्ट दाखवते. माशीला एका छोट्या नळीत डोके बाहेर राहील अशी अडकवतात. शृंगिकेला साखरेच्या पाण्याचा स्पर्श झाला की ती आपली सोंड बाहेर काढते. एखादा वास देऊन लगेच साखरपाणी असे काही वेळा केले, की पुढे नुसत्या वासानेही सोंड बाहेर येते. पावलॉव्हचा कुत्रा आमच्या ओळखीचा आहेच; ही त्याची सहा पायांची भावंडे.

मधमाशीचा मेंदू म्हणजे सुमारे दहा लाख पेशी. तिच्या प्रत्येक शृंगिकाखंडात सुमारे १६० गुच्छ असतात. तेथून बाहेर निरोप नेणाऱ्या पेशी आठशेच्या आसपास. पण खंडाच्या आतल्या आत बोलणाऱ्या स्थानिक पेशी चार हजारांच्या आसपास. त्यांपैकी एका गटाचे द्रव्य गाबा हे आहे. येथेही वास आला की ताल उठतो, सेकंदाला सुमारे ३० वेळा. आणि पिक्रोटॉक्सिन लावले की तो मोडतो.

संशोधकांनी काही माश्यांच्या शृंगिकाखंडावर पिक्रोटॉक्सिन लावले आणि काहींच्या नुसते मिठाचे पाणी. मग दोन्ही गटांना हेक्झॅनॉल या अल्कोहोलचा वास साखरपाण्याबरोबर शिकवला. नंतर तीन वास नुसतेच देऊन पाहिले : शिकवलेले हेक्झॅनॉल, त्याचेच भावंड ऑक्टॅनॉल आणि अगदी निराळे जिरॅनिऑल. हेक्झॅनॉलच्या साखळीत सहा कार्बन, ऑक्टॅनॉलच्या आठ. बाकी घडण तीच. जिरॅनिऑल मात्र गुलाबाच्या वळणाचा वास. आपल्याकडे रोशा गवताच्या तेलात ते भरपूर असते.

मिठाच्या पाण्याच्या गटातील माश्यांनी अपेक्षेप्रमाणे शिकवलेल्या वासाला सर्वांत जास्त सोंडा काढल्या. इतर दोन्हींना कमी. ज्यांचा ताल मोडला होता त्या माश्याही शिकल्या. त्यांना वास येत होता, आठवत होता, जिरॅनिऑल निराळे आहे हेही कळत होते. परंतु हेक्झॅनॉल आणि ऑक्टॅनॉल यांत त्यांना फरक करता येईना. दोन्हींना त्या सारख्याच सोंडा काढू लागल्या.

हा निष्कर्ष मी प्रथम वाचला तेव्हा पुन्हा मागे जाऊन वाचला. अवरोध काढून घेतल्याने माशी आंधळी-बहिरी झाली नाही. मंदही झाली नाही. तिचे गेले ते एवढेच : जवळच्या दोन गोष्टींतले अंतर. फुलाफुलांवर हिंडून पोट भरणाऱ्या प्राण्याला हे अंतर किती मोलाचे असेल, ते सांगायला नको. त्या प्राण्याला त्याचे काय, या प्रश्नाला मधमाशीने स्वतः दिलेले हे उत्तर होते.

एक साक्ष पुरेशी का?

अर्थात एका प्रयोगावर इमला रचू नये. पिक्रोटॉक्सिनने ताल मोडतो हे खरे; पण ते ताल तेवढाच मोडते असे छातीठोकपणे कसे म्हणावे? झाख्से आणि गालिझिया यांनी २००२ साली मधमाशीच्याच शृंगिकाखंडात अवरोधाची दोन जाळी असल्याचे दाखवले. एक पिक्रोटॉक्सिनला दबणारे, दुसरे न दबणारे. पेशी किती चेततात आणि कोणत्या चेततात, यावरही अवरोधाचा परिणाम होतो असे त्यांच्या नोंदींतून दिसले. तेव्हा फरक कळण्याचे श्रेय एकट्या तालाला द्यायचे की अवरोधाच्या एकूण कामाला, याविषयी मी सावध राहीन. परंतु अवरोध आणि सूक्ष्म पारख यांच्या नात्याविषयी मात्र वेगवेगळ्या प्राण्यांची साक्ष एकाच दिशेने जाते.

फळमाशीच्या मेंदूत वासाच्या आठवणी जेथे साठतात, तेथे एका बाजूला सुमारे दोन हजार पेशी असतात आणि त्या सर्वांना आवरणारी एकच मोठी पेशी असते. तिचे हे काम बंद पाडले की माशीला भिन्न वास ओळखता येतात, सारखे येत नाहीत, असे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केले.

उंदरांची साक्ष तर दुहेरी आहे. २००४ साली असे दिसले होते की दोन साध्या वासांतला फरक उंदीर सेकंदाच्या एक-पंचमांशाच्या आत करतो. पण मिश्रणे फार सारखी असतील तर त्याला ७० ते १०० सहस्रांश सेकंद अधिक लागतात. म्हणजे शहाजिऱ्याच्या पुडीपुढे तोही थांबतो! मग २०१० साली निक्सन अब्राहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या कणपेशींतील ग्राहक रेणूंत जनुकीय फेरफार केले. एका फेरफाराने मायट्रल पेशींवरील अवरोध वाढला. ते उंदीर सारख्या मिश्रणांतला फरक अधिक लवकर करू लागले. दुसऱ्या फेरफारात कणपेशींना चेतवणारे एक प्रकारचे ग्राहकच काढून टाकले. त्या उंदरांना अधिक वेळ लागू लागला. ब्रेक घट्ट केल्यावर गाडी लवकर पोचावी, असा हा उलटा न्याय! हे काम जर्मनीत झाले, पुढे डॉ. अब्राहम यांनी पुण्याच्या आयसरमध्ये आपली प्रयोगशाळा उभी केली.

मेंढी आणि तिचे कोकरू

शेवटचे उदाहरण मेंढीचे. मेंढी व्याल्यावर साधारण दोन तासांत आपल्या कोकराचा वास शिकते. त्यानंतर ती त्यालाच पाजते. परके कोकरू आचळाला लागले तर डोक्याने ढकलून देते. कळपात शेकडो कोकरे असतात आणि सगळ्यांना वास कोकराचाच. त्यातून आपले एक निवडायचे असते. पारख चुकली तर कोकरू उपाशी राहणार.

केंड्रिक, लेव्ही आणि केव्हर्न यांनी १९९२ साली मेंढीच्या घ्राणकंदात व्याण्यापूर्वी आणि व्याल्यानंतर काय घडते ते नोंदवले. व्याण्यापूर्वी तेथील पेशी मुख्यतः चाऱ्याच्या वासाला प्रतिसाद देत होत्या. कोकराच्या वासाची त्यांना विशेष दखल नव्हती. व्याल्यानंतर कोकराच्या वासाने चेतणाऱ्या पेशींची संख्या पुष्कळ वाढली. आणि आपल्या कोकराचा वास आला की घ्राणकंदात ग्लुटामेटबरोबर गाबाही अधिक स्रवू लागला. परक्या कोकराच्या वासाने तसे झाले नाही. वात्सल्याचे मूळ एखाद्या रसायनात आहे असे मी म्हणत नाही. पण ‘हे माझे’ एवढे ओळखण्यासाठीसुद्धा मेंदूला चेतवणारे आणि आवरणारे असे दोन्ही हात लागतात, हे येथे दिसते.

समारोप

हा लेख वाचून कोणी मैत्रीण म्हणेल, ‘म्हणजे संयम चांगला, एवढेच ना?’ तसे मी म्हणणार नाही. पेशीचा अवरोध ही एका सांध्यावरील क्लोराइडची हालचाल आहे; माणसावर समाजाने घातलेले दडपण ही सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. शब्द एक म्हणून वस्तू एक होत नाही, आणि चेतापेशीच्या आधाराने सुविचार लिहिणे हा शास्त्रावरही अन्याय आहे आणि माणसावरही. माझी मूळ चूक तीच होती. दमन आणि संकोच यांच्या गोतावळ्यात भेटलेल्या शब्दाची बदनामी मी न तपासता मेंदूवर चिकटवली होती. हेक्झॅनॉल आणि ऑक्टॅनॉल यांना एकच समजणाऱ्या त्या मधमाशीहून मी फार वेगळे काही करत नव्हते.

मेंदूपुरते बोलायचे तर अवरोध ही कामातली खीळ नसून कामाचाच अर्धा भाग आहे. दगडातून मूर्ती घडते ती दगड काढून टाकल्याने. वासाची आकृतीही तशीच, काही पेशींना गप्प बसवल्याने उमटते. पुढच्या सत्रात बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला तर मी मधमाशीपासून सुरुवात करीन. आणि उत्तर देण्यापूर्वी क्षणभर थांबेन.